भिंतीवरील औषधी वाटिका : ओल्या द्रव्याची सोय

गुळवेल, अडुळसा, शतावरी आदी द्रव्ये सदैव ओलीच योजावीत आणि ओली म्हणून त्यांचे मान दुप्पट करू नये, असे शार्ङ्गधराचार्यांचे सांगणे आहे. ताजी वनस्पती न मिळाल्यास चूर्ण दुप्पट पाण्यात अहोरात्र भिजवून गाळून घ्यावे, हा पर्यायही त्यांनी दिला. परंतु पुष्कळ ठिकाणी हा पर्यायच नित्यक्रम झाला आहे.

परंड्यासारख्या गावात ही अडचण अधिक जाणवते. सीनेच्या खोऱ्यातील हा तालुका पर्जन्यछायेत येतो. 2012-13 आणि 2015-16 च्या दुष्काळांत मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याचीच भ्रांत पडली होती. बाजारपेठेतील दवाखान्यामागे जागा असते ती चार पावलांची. तेथे वाफे शक्य नाहीत. भिंत मात्र मोकळी असते. तिचाच उपयोग करावा, असे आम्हांस वाटते.

पंपावर चालणारी नमद्याची शहरी रचना येथे टाळावी. वीज गेली की ती सुकते. लोखंडी चौकटीत मातीच्या कुंड्यांच्या तीन-चार ओळी पुरेशा होतात. जुन्या तटबंदीच्या सांध्यात उगवलेला पिंपळ दगड कसा हलवतो, हे किल्ल्यांच्या गावात सांगावयास नको. म्हणून चौकट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी. मुळे व ओल दोन्ही भिंतीपासून अलग राहतात. ओल्या मातीचे वजन मोठे असते. तिच्यात नारळाचा भुसा व गांडूळखत मिसळावे. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापते, म्हणून पूर्वेची निवडावी.

पाणी वरून खाली झिरपते. मांडणीही त्याच क्रमाने असावी. वर कोरफड, मध्ये तुळस व पानओवा, तळाशी ओलाव्याच्या ब्राह्मी व मंडूकपर्णी. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी चालते; साबणाचे नको. कीटकनाशक तर नकोच, कारण हे द्रव्य रुग्णाच्या पोटात जावयाचे आहे. गुळवेलीचे कांड जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत लावून वेल चौकटीवर चढवावा. शतावरी व अश्वगंधा यांची मुळे औषधी असल्याने त्यांस खोल माती लागते. त्यांचा हट्ट भिंतीवर धरू नये.

अशा भिंतीवर फार्मसीचा साठा पिकणार नाही, हे स्पष्टच आहे. औषधनिर्मात्यांना तिचा लाभ निराळा आहे, तो द्रव्यपरीक्षणाचा. ब्राह्मी व मंडूकपर्णी यांच्या नावांचा घोटाळा बाजारात जुनाच आहे. पहिलीची पाने लहान व मांसल, दुसरीची वाटोळी व वृक्काकार. गुळवेलीविषयी तर 2022 मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयानेच सावध केले. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुळवेल. तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक ठरू शकते. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. खात्रीचे रोप द्रव्यगुणाच्या जाणकाराकडून तपासून घेऊन नावाच्या पाटीसह दारी असले, तर आलेला ओला माल त्याच्याशी ताडून पाहता येतो. सुकल्या तुकड्यांवरून आणि पुरवठादाराच्या शब्दावरून निर्णय करण्याची वेळ येत नाही.

येत्या मृगात एकेका वैद्याने निदान पाच कुंड्या लावाव्यात. दुष्काळी गावातही रुग्णासमोर पान खुडून स्वरस काढून देता येईल, आणि आपण देतो ते द्रव्य कोणते, हे आपल्याला निश्चयाने सांगता येईल.