डावी की उजवी?

घरात कपाटावर जुना एक्स-रे पडला असेल तर काढा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. छातीचा असला तर हृदयाची सावली एका बाजूला झुकलेली दिसेल. आता तीच फिल्म पालटून धरा. हृदय दुसऱ्या बाजूला गेलं! फासळ्या मात्र जशाच्या तशा. फिल्म आरपार दिसते, त्यामुळे तिला उलटं-सुलटं काही नसतंच. डावं-उजवं ठरतं ते कोपऱ्यातल्या एका चिमुकल्या अक्षरावर.

जानेवारी २००० मध्ये वेल्समधल्या लानेली इथल्या रुग्णालयात एका वयस्कर गृहस्थांची निकामी झालेली उजवी किडनी काढायची होती. काढली गेली डावी, चांगली चालणारी. फिल्म उलटी पाहिली गेली होती. टेबलाजवळ एक वैद्यकीय विद्यार्थिनी उभी होती. चुकीची किडनी काढताय, असं तिने सांगितलंही. तुझंच चुकतंय, असं उत्तर तिला मिळालं आणि ऑपरेशन पुढे चालू राहिलं. ते गृहस्थ काही आठवड्यांनी वारले.

हे वाचल्यापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. वर्षानुवर्षं शिकलेली, हात बसलेली माणसं डाव्या-उजव्यात चुकतात कशी?

त्यासाठी ऑपरेशन थिएटरमध्ये शिरायला हवं. किडनीच्या ऑपरेशनला रुग्णाला बहुधा कुशीवर वळवतात. अंगभर कापडं अंथरतात आणि त्वचेची एक लहानशी चौकट तेवढी उघडी ठेवतात. सर्जनपुढे ना रुग्णाचा चेहरा असतो, ना दुसरी बाजू. निसर्गाने डोळे, गुडघे, फुप्फुसं, किडन्या जोडीजोडीने दिल्या, पण कोणती कुठली हे त्वचेवर लिहून ठेवलं नाही. मणक्यांचं तर आणखीच नवल. कंबरेत सहसा ५ मणके असतात. पण काहींना ४ किंवा ६ असतात आणि त्यांना स्वतःला ते जन्मभर ठाऊकही नसतं. सर्जन एक्स-रेखाली मणके मोजत जातो. सहा मणक्यांचा रुग्ण आला की मोजणी एका घराने सरकू शकते.

कधी शरीरच चुकीला साथ देतं. फ्लोरिडातल्या टँपा शहरात १९९५ साली मधुमेहाच्या एका रुग्णाचा पाय कापायचा होता. थिएटरच्या फळ्यावर आणि ऑपरेशनच्या यादीत चुकीचा पाय लिहिला गेला. दुसरा पायही आजारीच होता, त्यामुळे तो समोर आला तेव्हा कोणालाच शंका आली नाही. अर्ध्यावर आल्यावर कागद चाळणाऱ्या नर्सच्या ते लक्षात आलं. तोवर परत फिरायची वेळ टळून गेली होती. रुग्णालयाने ९ लाख डॉलर आणि सर्जनने अडीच लाख डॉलर भरपाई दिली.

एरवी डॉक्टरवर दावा लावणाऱ्याची मोठी दमछाक होते. काय करायला हवं होतं आणि काय केलं, हे दुसऱ्या डॉक्टरच्या तोंडून सिद्ध करावं लागतं. चुकीच्या बाजूच्या दाव्यात मात्र १८६३ सालचं एक पिंप मदतीला येतं. लिव्हरपूलमध्ये रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाच्या अंगावर व्यापाऱ्याच्या वरच्या खिडकीतून पिठाचं पिंप पडलं. कोणाच्या हातून पडलं ते सांगायला साक्षीदार नव्हता. न्यायालय म्हणालं, पिंपं आपण होऊन पडत नसतात. कोणाचा तरी हलगर्जीपणा असल्याशिवाय असं घडत नाही. ‘वस्तुस्थितीच बोलते’ हे कायद्यातलं तत्त्व त्या खटल्याशी कायमचं जोडलं गेलं.

तेच पिंप आपल्याकडेही पोचलं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर एका स्त्रीच्या पोटात कापड राहिलं आणि ती दगावली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावून कुटुंबाची ३६,००० रुपयांची भरपाई पुन्हा मंजूर केली. पोटातून निघालेल्या कापडावर शिक्कामोर्तब व्हायला ३३ वर्षं लागली, याचा मला अजून राग येतो.

चुकीच्या जागी शस्त्रक्रिया किती वेळा होते, हेही कळलं ते दाव्यांच्या फायलींतूनच. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८५ ते २००४ या काळातल्या २८ लाखांवर शस्त्रक्रियांमधले दावे तपासले, तेव्हा मणक्याच्या सोडून २५ ठिकाणी जागा चुकलेली निघाली. म्हणजे १,१२,९९४ मध्ये एक. मणक्याच्या आणखी १५. तपासणाऱ्यांत सर्जन डॉ. अतुल गावंडे होते.

उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थक्क झालो. पेन! कॅनडाच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी १९९४ मध्ये धरलेला आग्रह असा, की सर्जनने कापायच्या जागी स्वतःच्या नावाची आद्याक्षरं लिहावीत. फुली नको. फुली म्हणजे ‘इथे काप’ की ‘इथे कापू नको’? शाई अशी हवी की जंतुनाशकाने पुसली तरी टिकेल, आणि खूण अशा जागी की कापडं अंथरल्यावरही चौकटीत दिसेल. अमेरिकेत १ जुलै २००४ पासून खुणेच्या जोडीला ‘टाइम-आउट’ आला. सुरी लावण्याआधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं आणि रुग्ण कोण, ऑपरेशन कोणतं, बाजू कोणती हे मोठ्याने म्हणायचं.

नियम आला म्हणजे चूक गेली असं झालं नाही. २००७ या एका वर्षात ऱ्होड आयलंडच्या एकाच रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया तीनदा चुकीच्या बाजूला झाली. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये गावंडे यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीतलं एक कलम मला सर्वात मोलाचं वाटतं. सुरी लावण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा तोंड उघडलेलं माणूस दुसऱ्यांदा उघडायला कचरत नाही. सगळ्यात ज्युनियर माणसाच्या बोलण्याला थिएटरमध्ये जागा मिळते. नवी दिल्लीसह ८ शहरांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

तुमच्या घरात कोणाचं गुडघ्याचं, मोतीबिंदूचं, हर्नियाचं ऑपरेशन ठरलं असेल तर एवढं करा. रुग्ण जागा असताना सर्जनकडून जागेवर पेनाने खूण करून घ्या. ‘डावाच ना?’ असं विचारलं तर नुसती मान हलवू नका. कोणता गुडघा, कोणता डोळा ते रुग्णालाच तोंडाने सांगू द्या. त्याला सांगता येत नसेल तर तुम्ही सांगा. अंघोळीत ती शाई घासून काढू नका. आणि खूण झाल्याशिवाय भूल घेऊ नका.