मोडण्याचेही शास्त्र असते

मुलांनो, घरातल्या पितळेच्या भांड्याला भोक पडले, तर तुमच्या अम्मी त्याचे काय करतात? फेकून देत नाहीत. कराडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात नेऊन ते मोडीत घालतात. दुकानदार त्याचे वजन करतो आणि नव्या भांड्याच्या किमतीतून मोडीची किंमत वजा करतो. पुढे ती मोड भट्टीत वितळते आणि त्याच धातूचे नवे भांडे घडते. असाच व्यवहार तुमच्या शरीरातही रात्रंदिवस चालू असतो.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशीला तुम्ही उर्दूत 'खलिया' म्हणता. पेशीतील बहुतेक कामे प्रथिने, म्हणजे 'लहमियात', करतात. प्रत्येक प्रथिन ही अमिनो आम्ले नावाच्या मण्यांची माळ असते. काही प्रथिने जुनी होतात, काही बिघडतात, तर काहींचे काम संपते. अशी प्रथिने पेशी मोडून टाकते आणि त्यांचे मणी पुन्हा वापरते.

प्रथिने तयार कशी होतात, याचा अभ्यास पुष्कळ शास्त्रज्ञांनी केला. ती मोडतात कशी, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष होते. १९५३ मध्ये एक विचित्र गोष्ट दिसून आली होती. पेशीला प्रथिने मोडण्यासाठीसुद्धा ऊर्जा खर्च करावी लागते! घर बांधायला कष्ट पडतात, हे समजते. पण मोडायला पेशी एवढा खर्च का करते?

इस्रायलमधील हैफा शहरात अव्राम हर्श्को आणि त्यांचे विद्यार्थी आरॉन सिखानोव्हर यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. सशाच्या रक्तातील अपक्व तांबड्या पेशींचा अर्क घेऊन त्यांनी त्याचे दोन भाग केले. एकट्या कोणत्याच भागाने प्रथिने मोडेनात. दोन्ही भाग एकत्र केले, की काम सुरू! त्यांपैकी एका भागात एक छोटे प्रथिन होते. उकळले तरी ते नष्ट होत नसे. हे प्रथिन म्हणजे युबिक्विटिन. ते ७६ अमिनो आम्लांचे असते. अमेरिकेतील आयर्विन रोझ यांच्या साहाय्याने १९८० मध्ये त्याचे काम उलगडले. ते स्वतः काहीच मोडत नाही. जे प्रथिन मोडायचे, त्याला ते चिकटते. म्हणजे ती मोडीत घालण्याची खूण आहे!

खूण पटली, की ते प्रथिन प्रोटिआसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्रात ओढले जाते आणि तेथे त्याचे तुकडे होतात. मानवी पेशीत अशी सुमारे ३०,००० यंत्रे असतात. युबिक्विटिन मात्र सुटून पुन्हा कामाला लागते. आता ऊर्जेचे कोडे सुटले. दुकानदाराने चांगली भांडीही मोडीच्या ढिगात टाकली, तर दुकान बुडेल. पेशीचा खर्च निवडून खूण करण्यासाठी आणि खूण केलेले प्रथिन उलगडून यंत्रात ओढण्यासाठी होतो. या शोधाबद्दल तिघांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे यंत्र कधी अडतेही. हंटिंग्टन या मेंदूच्या रोगात एका प्रथिनात ग्लुटामिन नावाच्या एकाच मण्याची लांबच लांब रांग तयार होते. डॉ. प्रसन्ना वेंकटरमण यांनी अमेरिकेत आल्फ्रेड गोल्डबर्ग यांच्याबरोबर केलेले संशोधन २००४ मध्येच प्रसिद्ध झाले. प्रोटिआसोमला ही रांग मधून तोडता येत नाही, ती तशीच बाहेर पडते, असे त्यांनी दाखवले. पुढे डॉ. वेंकटरमण यांनी आपल्या महाराष्ट्रात, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत, प्रोटिआसोमवर काम केले. कराडहून मुंबईला जाताना पनवेल ओलांडले, की हे खारघर लागते.

कर्करोगाशी याचा काय संबंध? मायलोमा नावाच्या रक्ताच्या कर्करोगात रोगट पेशी भराभर प्रथिने बनवतात. त्यामुळे त्यांच्याकडे मोडही फार साचते. बोर्टेझोमिब हे औषध त्यांचे प्रोटिआसोम बंद पाडते. मोड तुंबते आणि त्या पेशी मरतात. २००३ पासून हे औषध रुग्णांच्या उपयोगी पडत आहे. सशाच्या रक्तावरील प्रयोगापासून सुरू झालेली वाट अशी रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली.

मुलांनो, घडवणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. पण काय ठेवावे आणि काय मोडावे, हे ओळखणेही तितकेच मोलाचे आहे. पेशी ते ओळखते, म्हणून आपण जगतो. पुढच्या वेळी अम्मींबरोबर भांड्यांच्या दुकानात गेलात, तर मोडीच्या ढिगाकडे जरा थांबून पाहा. उद्याची नवी भांडी त्यातच असतात.