कातळावरचा कवळा

कवळा मला माहीत होता तो ताटातला. कोकणातल्या आमच्या घरी श्रावणी सोमवारी आई कवळ्याची पाने बारीक चिरून भाजी करी आणि वर ओले खोबरे पेरी. या रानभाजीला फूलही येते, याची चौकशी मी कधी केली नव्हती. मी मराठीचा मास्तर. फुलांच्या उपमा शिकवायच्या, एवढाच माझा फुलांशी संबंध!

गेल्या सप्टेंबरात विद्यार्थ्यांबरोबर कासच्या पठारावर गेलो. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, चार हजार फूट उंचीवरचा तो जांभ्याचा सडा पिवळ्याधमक फुलांनी भरून गेला होता. घडण वाटाण्याच्या फुलाची, पाकळीवर दोन तांबडे ठिपके.

"सर, मिकी माउस!" मुली ओरडल्या.

"अहो, हा तर तुमच्या कवळ्याचा सख्खा भाऊबंद," आमचे वनस्पतिशास्त्राचे सहकारी म्हणाले. "दोघेही स्मिथिया प्रजातीतले."

मला कोण आनंद झाला! फोटोसाठी मी त्या फुलांत चक्क ऐसपैस बसलो. तोच वाटाड्या पोरगा धावत आला.

"उठा सर, उठा! त्याला अजून बी धरायचं हाय."

मी ओशाळून उठलो. मग सहकाऱ्यांनी जे सांगितले, त्याने अधिकच ओशाळलो. कातळावर मातीचा थर अगदी पातळ, त्यातला कसही पावसाने धुऊन नेलेला. नत्रासाठी इथे ज्याची त्याची निराळी तजवीज. दवबिंदू चिकट केसांनी किडे धरते. 'सीतेची आसवे' हे गोड नाव मिरवणारे झाड बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. कवळ्याचे कूळ पडले शेंगांचे. ते मुळांवरच्या गाठींत जिवाणूंना बिऱ्हाड देते, त्यांना साखर पुरवते आणि त्यांनी हवेतून मिळवलेले नत्र घेते. झाड सुकले की त्यातले काही मातीलाही मिळते. घरभाडे इतके सचोटीने चुकवलेले मी शहरातही पाहिले नाही!

पण त्याचे सारे आयुष्य एका पावसाळ्याचे. इवलीशी शेंग घडी घालून फुलाखालच्या हिरव्या पेल्यात दडलेली. ती पिकण्याआधी रोप चिरडले, तर त्याचा वंश तिथेच संपला. या प्रजातीतल्या एका जातीला थोर वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांचे नाव आहे, आणि ती पश्चिम घाटाबाहेर कुठेच आढळत नाही. २०१२ साली युनेस्कोने कासला जागतिक वारशात स्थान दिले. मानापाठोपाठ माणसे आली. माझ्यासारखी, कौतुकाने फुलांत बसणारी.

आता दिवाळीत पठार वाळले असेल. कातळाच्या भेगांतून पुढच्या आषाढाची वाट पाहत बी पडले असेल. फक्त मी बसलो होतो तेवढी जागा सोडून.