कुत्र्याचा मृत्यु आणि घरचें दुःख

बुलढाणा जिल्ह्यांत, घाटाखालीं काय किंवा घाटावर काय, शेतकऱ्याच्या घरीं कुत्रें पाळतात तें हौसेखातर क्वचितच. कपाशींत व सोयाबीनमध्यें रानडुकरें आणि रोही शिरतात; जागलीला जाणाऱ्या माणसास अंधारांत सोबत लागते. म्हणून कोणाच्या तरी कुत्रीचें पिलूं मागून आणतात, त्यास ताक-भाकर घालतात, आणि चार-पांच महिन्यांत तें घरच्या पोराच्या मागें सावलीसारखें फिरूं लागतें. अशांत एके सकाळीं तें अन्नास तोंड लावीत नाहीं, ओकतें, रक्ताची हगवण लागते, आणि दोन-तीन दिवसांत सर्व संपतें.

त्या घरास दुःख करण्याची मुभाहि नसते. शेजारी म्हणतो, ‘कुत्रेंच तें, दुसरें आणा.’ बैल मेला तर गांव विचारपूस करतो, कारण तेथें तोटा उघड दिसतो. बैलास पोळा आहे, खांदमळणी आहे. नागासहि एक पंचमी आहे. कुत्र्याच्या वांट्यास मात्र पितृपक्षांतील श्वानबलि तेवढा आला. म्हणजे आपल्या मृतांच्या नांवाचा घास त्याच्या मुखीं, परंतु तें स्वतः मेलें असतां त्याच्यासाठीं घास काढण्याची रीत नाहीं. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानें १९८९ सालीं अशा दुःखावर ग्रंथच प्रसिद्ध केला: ज्यास समाज मान्यता देत नाहीं, तें दुःख. माणूस तें लपवितो, आणि लपविलेलें दुःख लवकर निवत नाहीं.

वास्तविक हें दुःख फार प्राचीन आहे. जर्मनींत बॉन शहरानजीक ओबरकासेल येथें १९१४ सालीं दगडाच्या खाणींत एक पुरुष व एक स्त्री यांचे सांगाडे सांपडले, आणि त्यांच्याबरोबर एका कुत्र्याचीं हाडें. हें दफन सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें. कुत्रें जेमतेम सात महिन्यांचें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्याच्या दांतांवरील खुणांवरून असें अनुमान काढलें कीं, त्यास डिस्टेंपर हा रोग झाला असावा, आणि कित्येक आठवडे कोणीं त्याची शुश्रूषा केल्याविना तें तेवढेंहि जगलें नसतें. आजारी पिलूं शिकारीच्या काय उपयोगाचें? तरीहि जपलें, आणि शेवटीं माणसांशेजारीं पुरलें. तेव्हां ‘कुत्रेंच तें’ हें बोलणें जुन्या वळणाचें समजण्याचें कारण नाहीं.

शोकाहूनहि अधिक जाळतो तो संशय. शिळें घातलें म्हणून मेलें काय? कोणीं विष घातलें काय? वर वर्णिलेलीं लक्षणें पुष्कळदां पार्व्हो नांवाच्या विषाणूचीं असतात. हा रोग १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला व जगभर पसरला. सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतच्या पिलांस त्याचा धोका विशेष. विष्ठेंतून पडलेला विषाणू मातींत महिनेच्या महिने टिकतो आणि माणसाच्या जोड्याबरोबरहि अंगणांत येतो. कांहीं विषांचीं लक्षणें वरवर अशींच दिसतात. म्हणून गुरांच्या डॉक्टरांस दाखविल्याविना शेजाऱ्यावर आळ घेऊं नये, आणि स्वतःवरहि नाहीं. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत सुरू करून, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें पुनः टोंचावी लागते. एकदां टोंचून थांबणें हीच नेहमींची चूक.

मुलास ‘तें पळून गेलें’ असें सांगूं नये. मूल मग रोज संध्याकाळीं वाट पाहत बसतें. खरें सांगावें, आणि पुरतांना बरोबर न्यावें. खड्डा खोल व विहिरीपासून दूर असावा. त्याचें निजावयाचें पोतें, मुलाचा कितीहि जीव असला तरी, जाळून टाकावें. भांडें ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें धुवावें. लस पूर्ण न झालेलें दुसरें पिलूं त्या अंगणांत आणूं नये. गळ्यांतला पितळी घुंगरू मात्र उकळून, पुसून मुलाजवळ ठेवण्यास हरकत नाहीं. आणि भाद्रपदांत श्वानबलीचें पान निघेल तेव्हां मुलानें त्याच्या नांवानें एक घास मागितला, तर आजीनें हात आंखडूं नये.