व्याज चढते, पण कोणाच्या नावे?

नोकरदाराचा मार्चचा पगार एप्रिलात हाती पडला, तरी त्यावरील हक्क मार्चमध्येच निर्माण झालेला असतो. प्रत्यक्ष वसुलीपूर्वी हक्क असा जन्मास येणे, हेच उपार्जन. भूसंपादनाच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. मोबदला चुकता न करता जमिनीचा ताबा घेतला, तर ताब्याच्या दिवसापासून व्याज चढू लागते : १८९४ च्या मूळ कायद्यात दरसाल ६ टक्के, २०१३ च्या कायद्यात पहिल्या वर्षी ९ व त्यानंतर १५ टक्के.

परंतु व्याज चढण्यास रक्कम आधी कोणाच्या तरी नावे मांडलेली असावी लागते. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीत सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले; तेव्हा तेथील कित्येक जमिनी सावकारांच्या नावावर होत्या आणि नांगर कुळांच्या हाती. मोबदल्याचा हक्क कागदावरील नावाचा; कुळांच्या पिढ्यानुपिढ्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याच वहीत नव्हती. २०१३ च्या कायद्याने कुळे व शेतमजूर यांनाही बाधित कुटुंबांत गणले, हे उशिरा का होईना, न्याय्यच झाले. व्याजाचा दर ठरविण्याआधी हक्कदार कोण, हे ठरवावे लागते. मुळशीचा धडा हाच आहे.