हरवलेला वारसा परत मिळवण्याचा हक्क : चंदीगडच्या खुर्च्यांचा धडा

आपली वस्तू चोरीस गेली वा हरवली, तर ती परत मिळवण्याचा मालकाचा हक्क भारतीय कायद्याने मान्य केला आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ७ नुसार विशिष्ट जंगम वस्तूच्या ताब्याचा हक्क असणारी व्यक्ती दाव्याद्वारे ती परत मिळवू शकते. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ मागील तत्त्वही महत्त्वाचे आहे : विकणाऱ्याकडे जो हक्क नाही, तो सर्वसाधारणपणे खरेदीदाराकडे जात नाही. चोरीचा माल चार हातांतून फिरला तरी मूळ मालकी संपत नाही, ती यामुळेच. परंतु मालकाने स्वतःच वस्तू विकली असेल तर काय? चंदीगडचे उदाहरण या प्रश्नाचे उत्तर देते.

मोडीत निघालेला वारसा

ले कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार १९५० च्या दशकात चंदीगड उभे राहू लागले. त्यांचे चुलतबंधू व सहकारी पियरे जेनरे यांनी १९६५ पर्यंत तेथे राहून काम केले. सचिवालय, उच्च न्यायालय, पंजाब विद्यापीठ आदी ठिकाणांसाठी सागवान व वेत वापरून साध्या, टिकाऊ खुर्च्या व मेजे तयार झाली. कालांतराने ती जुनी झाली आणि विविध कार्यालयांनी निरुपयोगी सामान म्हणून त्यांचा लिलाव केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी व्यापाऱ्यांनी असे फर्निचर विकत घेतले, दुरुस्त केले आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत ते लाखो रुपयांना विकले जाऊ लागले.

दावा का टिकत नाही?

या लिलावांवर भारताने आक्षेप घेतले. परंतु कायद्याची बाजू दुबळी ठरली. पहिले कारण मालकीचे. रीतसर सरकारी लिलावात विकलेली वस्तू खरेदीदाराची होते. दुसरे कारण वयाचे. पुरावस्तू आणि मौल्यवान कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार पुरावस्तू किमान १०० वर्षे जुनी असावी लागते. हस्तलिखितांसारख्या वस्तूंसाठी ही मर्यादा ७५ वर्षे आहे. १९५० च्या दशकातील खुर्ची या व्याख्येत बसण्यास २०५० चे दशक उजाडावे लागेल. भारताने १९७७ मध्ये स्वीकारलेल्या युनेस्कोच्या १९७० च्या करारातही फर्निचरसाठी १०० वर्षांचीच अट आहे.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये या वारसा फर्निचरच्या विक्रीस व लिलावास मनाई केली. मात्र त्यापूर्वी वैधरीत्या विकलेल्या वस्तूंची मालकी या आदेशाने परत येत नाही. २०१६ मध्ये चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तोही इमारतींचा सन्मान आहे, परदेशी गेलेल्या खुर्च्यांवरील हक्क नव्हे.

नोंद हाच पुरावा

याउलट तमिळनाडूतील श्रीपुरंदनच्या मंदिरातून चोरीस गेलेली नटराजाची मूर्ती २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने परत केली. ही मूर्ती कोणी विकायला काढलेली नव्हती आणि पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडील जुन्या छायाचित्रांमुळे ती ओळखता आली. युनेस्कोच्या करारातील कलम ७ संग्रहालय वा तत्सम संस्थेतील चोरीच्या वस्तू परत करण्याची तरतूद करते. मात्र ती वस्तू त्या संस्थेच्या सूचीत नोंदलेली असावी, अशी अट घालते.

म्हणूनच चंदीगड प्रशासनाने १२ हजारांहून अधिक वारसा वस्तूंची केलेली सूची महत्त्वाची आहे. नोंदलेली खुर्ची उद्या चोरीस गेली, तर ती कोणत्या कार्यालयाची हे सिद्ध करता येईल.

१९७२ च्या कायद्यात आणखी एक वाट आहे. शंभर वर्षे पूर्ण न झालेली कलाकृतीही तिचे कलामूल्य पाहून, कलाकार हयात नसल्यास, केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे मौल्यवान कलाकृती म्हणून घोषित करू शकते. जेनरे यांचे निधन १९६७ मध्ये झाले. रोजच्या वापराच्या फर्निचरला ही तरतूद लागू करावी काय, हा धोरणाचा प्रश्न आहे.

परत मिळवण्याचा हक्क वस्तू गेल्यानंतर बजावला जातो. त्याचा पाया मात्र ती आपल्याकडे असतानाच घातला जातो. मालकी, नोंद आणि संरक्षण या तिन्हींपैकी एकही निसटले, तर वारसा परत आणण्यासाठी बाजारभावाने खरेदी करणे एवढाच मार्ग उरतो. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनहून लिलावातच मिळवली, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.