कार्डाचा रंग आणि नागपूरचा रस्ता

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतला किंवा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीतला कायम कामगार आजारी पडला, तर उपचाराची सोय नोकरीबरोबरच आलेली असते. भंडारा जिल्ह्यात अशी घरे थोडी. धानाची शेती करणारा, तलावात जाळे टाकणारा ढिवर, मोहाडीकडचा कोसा विणकर, तुमसरच्या बाजारातला छोटा दुकानदार यांना मालकच नाही. मग मालकाने काढलेला विमा कुठला? विडी कामगारांसाठी 1976 च्या कायद्याने कल्याण निधी होता, त्यातून दवाखाने चालत. 2017 मध्ये जीएसटी आला आणि त्या निधीला पैसा पुरवणारा उपकर बंद झाला.

बाजारात मेडिक्लेम 1986 पासून आहे. पण धान विकल्यावरच ज्या घरात पैसा दिसतो, त्या घराला दरवर्षी हप्ता भरणे कधी झेपले नाही. या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच, आणि आधीपासूनच्या आजाराला पॉलिसीत काही वर्षे थांबावे लागते. त्यात 22 सप्टेंबर 2025 पर्यंत वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर 18 टक्के जीएसटी होता. तो आता शून्य झाला, हे फार आधी व्हायला हवे होते.

म्हणून इथे स्वस्त विमा म्हणून जे काही मिळाले, ते रेशन कार्डावर. 1997 ची जीवनदायी योजना दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी होती आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोजक्याच मोठ्या आजारांपुरती. खरा बदल राजीव गांधी जीवनदायी योजनेने केला. जुलै 2012 मध्ये ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत भंडारा नव्हता. आपल्याकडे ती नोव्हेंबर 2013 मध्ये पोचली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, हप्ता सरकारचा, रुग्णालयात मदतीला आरोग्यमित्र. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

पण पात्रता ठरली कार्डाच्या रंगावर. पिवळे आणि केशरी आत, पांढरे बाहेर. वर्षाला एक लाखाच्या वर उत्पन्न म्हणजे पांढरे कार्ड. महिन्याचा हिशेब केला तर साडेआठ हजार कमावणाराही सुखवस्तू ठरला! एका बायपासच्या खर्चापुढे साडेआठ हजारांची काय कथा? अशा घरांनी बांधी विकली, दागिने गहाण ठेवले. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सवलत मिळाली तीही 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपुरती: मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा. भंडाऱ्याचा पांढरा कार्डधारक शेतकरी बाहेरच राहिला. ही आखणी अन्यायाची होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

2018 मध्ये आयुष्मान भारत आली, पाच लाखांची. पण तीही 2011 च्या सर्वेक्षणाच्या यादीतल्यांनाच. करोनाने मे 2020 मध्ये पांढऱ्या कार्डालाही तात्पुरते आत घेतले. सर्वांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय जून 2023 मध्ये झाला आणि जुलै 2024 पासून तो अमलात आला.

रंगाचा प्रश्न असा सुटला, रस्त्याचा नाही. योजना भरती झाल्यावरच्या उपचारांची. रोजची औषधे, तपासण्या बहुतांशी खिशातूनच. आणि मोठ्या उपचारासाठी आजही साठ किलोमीटरवरच्या नागपूरला, मेडिकल किंवा मेयोला न्यावे लागते. लाखांदूरहून तर आणखी किती तरी लांब. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आगीने दहा बाळे गेली. कार्ड बिल भरते. सुरक्षित खाट आणि डॉक्टर जिल्ह्यातच उभे करावे लागतात. ऑक्टोबर 2024 मध्ये भंडाऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्याला पुरेशी माणसे आणि यंत्रे मिळावीत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर एक काम प्रत्येक घराने करावे. आधार आणि रेशन कार्डावरची नावे जुळवून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड आजच काढून ठेवा, रुग्णाला गाडीत घालायच्या दिवशी नव्हे. जवळचे अंगीकृत रुग्णालय कोणते, हे 155388 या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते.